मुलगा ‘रश’ला, आई मैदानावर

प्रश्न: आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. मुलगा अठरा वर्षांचा, पेन्सिल्व्हेनियातल्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. हिवाळ्याची सुट्टी संपवून परत गेला की त्याला फ्रॅटर्निटीत, म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाच्या मुलांच्या क्लबात, जायचंय. दोन ठिकाणची बोलावणी आहेत. एक जुनी, मोठं घर असलेली, बहुतेक गोऱ्या मुलांची. दुसरी देसी मुलांची. आमचे हे म्हणतात, “रॅगिंग करून घ्यायला वर पैसे भरायचे का?” मुलगा म्हणतो, “तुम्हाला यातलं काही कळत नाही.” मधल्या मध्ये मी. त्यातच धाकटीच्या (वय ८) सॉकर टीमला वसंतातल्या सीझनसाठी कोच मिळत नाहीये. गावच्या लीगने मला विचारलंय, कुणीच पुढे आलं नाही तर टीम रद्द. मी सांगलीला शाळेत खो-खो खेळले आहे, फुटबॉलला कधी पाय लावलेला नाही. मुलाला जाऊ द्यावं का? आणि मी हो म्हणावं का?
एक आई

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो म्हणा. पहिल्याचं उत्तर त्या दोन घरांपैकी कुठलं, यावर ठरेल, आणि ते शोधायला हाताशी थोडेच दिवस आहेत. म्हणून आधी तेच घेऊ.

‘जाऊ द्यावं का’ हे तुमच्या हातात तसं फारसं नाही. तो अठराचा आहे, विद्यापीठ तुमची सही मागणार नाही. १९७४ च्या फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणाऱ्या कायद्यामुळे त्याच्या संमतीशिवाय तुम्हाला त्याचे मार्कसुद्धा दाखवणार नाही. एकविसाच्या आतल्या मुलाने दारूचा नियम मोडला तर पालकांना कळवायची विद्यापीठाला मुभा आहे, सक्ती नाही. तुमच्याकडे उरतात दोन गोष्टी, पैसा आणि माहिती. सरळ बंदी घातलीत तर तो न सांगता जाईल, आणि न सांगता गेलेला मुलगा अडचणीत सापडल्यावर रात्री दोनला घरी फोन करत नाही. हे सगळ्यात महागात पडतं.

तुमच्या यजमानांचं म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नाही, फक्त रॅगिंग आणि हेझिंग (फ्रॅटर्निटीत घेण्याआधी नव्या मुलांना दिला जाणारा त्रास) यांत एक फरक आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण रॅगिंग मुलाच्या अंगावर येतं, तो ते चुकवायला बघतो. हेझिंग तो स्वतः पत्करतो, कारण त्याच्या शेवटी सभासदत्व असतं. पाच आठवडे सोसल्यावर सहाव्यात सोडवत नाही, आधीचं सगळं फुकट गेलं असं वाटतं. “मग सोडून द्यायचं ना!” हे बाहेरून म्हणायला सोपं. म्हणूनच पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यात ‘त्या मुलाची संमती होती’ हा बचाव चालत नाही. तो कायदा २०१८ चा, टिमथी पियाझा याच्या नावाने ओळखला जातो. २०१७ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट विद्यापीठातल्या एका फ्रॅटर्निटी घरात हा मुलगा दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला आणि ९११ ला (तातडीच्या मदतीसाठी) फोन गेला तो जवळजवळ बारा तासांनी. तो वाचला नाही. तोही न्यू जर्सीचाच. तुमच्या राज्यानेही २०२१ मध्ये त्याच नावाने कायदा कडक केला.

आता क्रम समजून घ्या, म्हणजे घाबरायचं नेमकं कुठे ते कळेल. रश म्हणजे ओळखीचा आठवडा-दोन आठवडे: जेवणं, खेळ, गप्पा. रशला जाण्याने काहीही बांधलं जात नाही. मग ज्यांना घ्यायचं त्यांना ‘बिड’ मिळते, म्हणजे लेखी आमंत्रण. ती स्वीकारली की सुरू होतो न्यू मेंबरचा काळ, जुन्या भाषेत प्लेजिंग, साधारण सहा ते आठ आठवड्यांचा. शेवटी इनिशिएशन, म्हणजे सभासद करून घेण्याचा विधी. तोवर कधीही सोडता येतं. इनिशिएशननंतर मात्र सभासदत्व जन्माचं धरतात, आणि मग दुसऱ्या सोशल फ्रॅटर्निटीत जाता येत नाही. तेव्हा मुलाला म्हणा, “रशला जा, दोन्हीकडे जा. बिड घेण्याआधी आपण अर्धा तास बोलू.” एवढी अट बहुतेक मुलं पाळतात.

देसी फ्रॅटर्निटी म्हणजे आपली पोरं, तिथे काळजी नको, असं तुमच्या मनात असेल तर ते काढून टाका. या संघटना नव्वदच्या दशकातल्या. आयोटा नू डेल्टा १९९४ ची, बिंगहॅमटनला सुरू झालेली. सिग्मा बीटा रो १९९६ ची, फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियातली. डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ ची, ऑस्टिनची. बीटा काय थीटा १९९९ ची, लॉस एंजेलिसची. त्यांना बहुधा स्वतःचं मोठं घर नसतं, खर्च कमी असतो, आणि ‘तू कुठला?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. हे मोठंच सुख आहे. पण त्यांची पद्धत वेगळी. रश छोटं, आत घेण्याचा काळ गुप्त, पाच-सात मुलांची एक ‘लाइन’, शेवटी नव्या सभासदांना सगळ्यांसमोर आणण्याचा ‘प्रोबेट’चा कार्यक्रम. लाइन जितकी छोटी तितकं बाहेर पडणं जड, कारण आपण सुटलो की बाकीच्या चौघांवर भार येतो, असं मुलाला वाटतं. २०१३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा एक पहिल्या वर्षाचा विद्यार्थी पेन्सिल्व्हेनियाच्या पोकोनोज या डोंगराळ भागात, भाड्याच्या घराबाहेर चाललेल्या अशाच एका विधीत जिवाला मुकला. डोळे बांधलेले, पाठीवर वजनाची सॅक, अंधारात गोठलेल्या जमिनीवर त्याला पुन्हा पुन्हा पाडलं. हॉस्पिटलात न्यायला उशीर झाला. ती आशियाई मुलांचीच फ्रॅटर्निटी होती, आणि कोर्टाने तिला दहा वर्षं पेन्सिल्व्हेनियातून हद्दपार केलं.

शोध कसा घ्यायचा? पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला हेझिंगच्या उल्लंघनांची यादी वर्षातून दोनदा प्रसिद्ध करावी लागते. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’ हा केंद्रीय कायदा झाला, त्यामुळे आता देशभर असा अहवाल विद्यापीठाच्या वेबसाइटवर ठेवणं भाग आहे. विद्यापीठाचं नाव आणि ‘हेझिंग रिपोर्ट’ एवढं शोधलं तरी सापडतो. त्यात दोन्ही चॅप्टरांची, म्हणजे तिथल्या शाखांची, नावं पाहा. काय घडलं, कधी, काय शिक्षा झाली. एखादी जुनी दारूची तक्रार असेल तर मुलाला तिथल्या मुलांना तोंडावर विचारू द्या, “याचं पुढे काय केलंत?” सरळ उत्तर आलं तर बरंच. “ते आमच्या आधीच्या बॅचचं” असं हसून टाळलं तर नाव खोडा. मग ग्रीक लाइफ ऑफिसच्या (विद्यापीठाचं फ्रॅटर्निटींवर देखरेख करणारं कार्यालय) पानावर चॅप्टरची सध्याची स्थिती पाहा: मान्यता आहे, प्रोबेशनवर आहे की मान्यता काढली आहे. मान्यता गेल्यावरही काही घरं कॅम्पसबाहेर जुन्याच नावाने चालू राहतात. तिथे बिड मिळाली तर विचारच करू नका. वर कुणी बघणाराच नसतो.

रशमध्ये त्याने विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके असावेत. गेल्या वर्षी बिड किती जणांनी घेतली आणि इनिशिएट किती झाले? वीस घेतल्या आणि अकराच उरले, तर नऊ का गेले? त्यातल्या एकाशी बोलता येईल का? न्यू मेंबरच्या काळाचं आठवड्याचं वेळापत्रक लेखी मिळेल का? चॅप्टरचा सरासरी जीपीए (मार्कांची सरासरी) किती? चॅप्टर ॲडव्हायझर कोण, घरी येतो का? हे प्रश्न रश चेअरला, म्हणजे रशची जबाबदारी असलेल्या सभासदाला, विचारून उपयोग नाही, तो विक्रेता असतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एकट्याला गाठावं, कारण तो नुकताच त्यातून गेलेला असतो. आणि एखाद्या मंगळवारी दुपारी सहज घरी जावं. पार्टीच्या रात्री प्रत्येक घर छान दिसतं.

हेझिंग म्हणजे फक्त मारहाण नव्हे. फोन काढून घेणं, “घरी सांगायचं नाही” अशी शपथ, रात्री दोनला कुणाला तरी गाडीने आणायला पाठवणं, रोज चार तास झोप, जुन्या सभासदांची कपडे-भांडी धुणं, सगळ्यांसमोर ओरडून घेणं, हे सगळं त्यातच आलं. “दारू नाही, फक्त पाणी” यालाही भुलू नये. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको इथे एक मुलगा प्रमाणाबाहेर पाणी प्यायला लावल्यामुळे गेला. रक्तातलं सोडियम खाली जातं, मेंदूला सूज येते.

तीन रात्री लक्षात ठेवा, आणि मुलालाही आधीच सांगून ठेवा. पहिली बिडची रात्र, ज्या रात्री नवी मुलं घेतली जातात. दुसरी ‘बिग-लिटल’, जेव्हा प्रत्येक नव्या मुलाला एक मोठा भाऊ मिळतो आणि बऱ्याच घरांत त्याच्यासोबत एक बाटली मिळते, ‘संपव’ म्हणून. २०२१ मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला असंच झालं. तिसरी शेवटच्या आठवड्यातली, कॅम्पसपासून दूर नेलेली सहल. या तारखा वेळापत्रकात असतात. त्या रात्रींना त्याच्या डॉर्ममधल्या, फ्रॅटर्निटीत नसलेल्या एका मित्राला तो कुठे आहे हे ठाऊक असावं. सकाळी तुम्हाला एक मेसेज आला म्हणजे पुरे. त्याहून जास्त मागितलंत तर तो तुम्हाला टाळायला लागेल.

आणि हे त्याला तोंडपाठ असू द्या, फ्रॅटर्निटीत जावो न जावो. कुणी हलवून उठत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहेत किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडतंय, अंग थंड आणि ओठ निळसर, झोपेतच उलटी होतेय, तर ९११. ‘झोपून उतरेल’ म्हणत थांबायचं नाही. पोटातली दारू रक्तात उतरणं तो झोपल्यावरही चालूच असतं. कुशीवर ठेवायचं, एकटं सोडायचं नाही, कॉफी नाही, गार पाण्याचा शॉवर नाही. फोन केला तर आपणच पकडले जाऊ, या भीतीने मुलं थांबतात. बहुतेक राज्यांत असा फोन करणाऱ्या एकविसाच्या आतल्या मुलाला दारूच्या गुन्ह्यातून सूट आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. याच बैठकीत आणखी एक काम उरकून घ्या: त्याच्याकडून हेल्थ केअर प्रॉक्सीवर (तो स्वतः सांगू शकत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय तुम्ही घ्यावेत, असा कागद) सही. अठरा झाल्यावर हॉस्पिटल तुम्हाला फोनवर काही सांगायला बांधील नसतं.

पैशांबद्दल यजमानांना सोबत बसवा, ते त्यांचं खातं. ‘ड्यूज (वर्गणी) किती?’ हा प्रश्न अपुरा आहे. न्यू मेंबर फी, इनिशिएशन फी, राष्ट्रीय संघटनेची फी, विमा, चॅप्टरचे ड्यूज, सोशल फी, सहलीचे पैसे, टीशर्ट, मीटिंग चुकवल्याचा दंड, हे सगळं वेगवेगळं असतं. घरात न राहणाऱ्याचा खर्च सेमिस्टरला काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारांपर्यंत सहज जातो. मोठ्या घराच्या चॅप्टरमध्ये पुढच्या वर्षी तिथेच राहायचं बंधन असतं का, हे आधी विचारा, कारण खोली आणि जेवणाचा करार वर्षाचा असतो, आणि मुलगा मधेच बाहेर पडला तरी पैसे चुकत नाहीत. विम्याचीही एक गोम आहे. चॅप्टरचा विमा नियम पाळून झालेल्या कार्यक्रमांपुरताच. हेझिंग किंवा नियम मोडून पाजलेल्या दारूतून दावा उभा राहिला तर त्या मुलांना कवच मिळत नाही, आणि वकील पालकांच्या घराच्या विम्याकडे वळतात. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी त्रास देणाऱ्यांच्या बाजूला असेल, तेव्हाही हे लागू आहे. ते आपण विसरतो.

इतकं सगळं पाहून एखादं घर चांगलं निघालं, तर खुशाल जाऊ द्या. चाळीस हजार मुलांच्या कॅम्पसवर तीस जण नावाने ओळखतात, आजारी पडला तर कुणी सूप आणून देतं, विसाव्या वर्षी लाखभर डॉलरचं बजेट हाताळायला मिळतं, हे फायदे खरेच आहेत. दोन्ही घरं नापास झाली तर अल्फा फाय ओमेगा नावाची सेवाभावी संस्था बऱ्याच कॅम्पसवर असते. १९२५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्याच लाफायेत कॉलेजात सुरू झाली, मुलं-मुली एकत्र, स्वतःचं घर नाही. आणि मधेच सोडावंसं वाटलं तर चॅप्टर अध्यक्षाला दोन ओळींचा ईमेल, ग्रीक लाइफ ऑफिसला त्याची प्रत. कारण द्यायची गरज नाही. समोरासमोर सांगायला जाऊ नये, तिथे आठ जण मन वळवायला बसलेले असतात.

आता मैदानावर या.

कागदपत्रं आधी उरका, कारण त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. पार्श्वभूमीची तपासणी, सेफस्पोर्टचा (खेळाडूंचा छळ रोखण्यासाठीचा) साधारण दीड तासाचा ऑनलाइन कोर्स, सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं ‘हेड्स अप’ हे डोक्याच्या दुखापतीवरचं मोफत प्रशिक्षण, आणि यूएस सॉकरचा ग्रासरूट्स कोचिंगचा परिचय, वीसेक मिनिटांचा, तोही मोफत. न्यू जर्सीत एक जास्तीची गोष्ट आहे आणि ती सोडू नका: तीन तासांचा सुरक्षिततेचा वर्ग, रटगर्स विद्यापीठाचं ‘सेफ्टी क्लिनिक’ म्हणून ओळखला जातो. तो केलेल्या स्वयंसेवक कोचला राज्याच्या ‘लिटिल लीग लॉ’खाली दिवाणी दाव्यांपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. लीगला तारीख विचारा, बऱ्याचदा गावातच होतो.

लीगला होकार देताना एकच अट घाला, दुसरा मोठा माणूस हवा. कुठल्याही मुलीबरोबर तुम्ही एकट्या असू नये, हा सेफस्पोर्टचा नियम आहे. दिसेल आणि कुणी मधे येऊ शकेल अशा जागीच बोलायचं. मुलीला थेट मेसेज नाही, पालकांच्या ग्रुपवर किंवा पालकाला प्रत ठेवूनच. कुणाला न्यायला उशीर झाला तर दोघं थांबायचं. इथे सेफस्पोर्ट आणि तुमच्या मुलाचं प्रकरण एकमेकांना भिडतात. ‘हे आपल्यातच ठेव’ असं ज्या गटात मोठा माणूस लहानाला सांगतो, तो गट दहाव्या वर्षीही वाईट आणि अठराव्याही.

या वयाचा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहता तो नव्हे. यू-९ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांखालच्या गटात, सात विरुद्ध सात, चार नंबरचा बॉल, पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. डोक्याने बॉल मारायला बंदी, सामन्यात आणि सरावातही. मुद्दाम मारला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही). गोलकीपरने हातातला बॉल सोडून लांब लाथ मारायची नाही. मैदानावर ‘बिल्ड-आउट लाइन’ नावाची एक आडवी रेघ असते. गोलकीपरच्या हातात बॉल आला की समोरच्या टीमने त्या रेघेमागे जायचं, म्हणजे शेजारच्या मुलीला शांतपणे पास देता येतो. नव्या कोचांचा सगळा गोंधळ याच रेघेवर होतो. पहिल्या सामन्याआधी मुलींना तिथे उभं करून दोनदा करून दाखवा.

सामान थोडंच लागतं: प्रत्येकीचा बॉल, वीस-चोवीस चपटे कोन, दोन रंगांची सहा-सहा बिब्स (टीम ओळखायला अंगावर चढवायची बिनबाह्यांची जाकिटं), पंप, प्रथमोपचाराची पेटी, दोन-तीन आइस पॅक.

खो-खो खेळणाऱ्याला सॉकर शिकवता येत नाही, हा गैरसमज सोडा. आठ वर्षांच्या मुलीला सॉकरमध्ये जे लागतं, वेगात दिशा बदलणं, समोरच्याला हुलकावणी देणं, कानोसा घेत पळणं, ते तुमच्या पायांत आहेच. तुमची एकेरी साखळी म्हणजे बॉलशिवायचं ड्रिब्लिंगच. फक्त कोनांमधून नागमोडी पळवत बसू नका, कोन पाठलाग करत नाहीत. त्यापेक्षा विषामृत घ्या, पायात बॉल देऊन. वीस बाय पंचवीस यार्डांचा चौकोन, दोघींवर राज्य, त्यांच्याकडे बॉल नाही. पकडली गेली की बॉल डोक्यावर धरून, पाय फाकवून उभं राहायचं. मैत्रिणीने तिच्या पायांमधून आपला बॉल सारला की ती सुटली. दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या. मान वर ठेवून बॉल नेणं, अचूक ढकलणं, वळणं, तिन्ही गोष्टी न सांगता होतात.

साठ मिनिटांचा सराव तीन तुकड्यांत करा. मुली एकेक करून येतात, तेव्हा सगळ्यांची वाट पाहू नका. दोघी आल्या की एक विरुद्ध एक, चौघी आल्या की दोन विरुद्ध दोन, छोट्या गोलांवर, पहिली पंधरा मिनिटं. मग वीस-पंचवीस मिनिटं एक विषय. ‘एक विरुद्ध एक’ असेल तर दहा बाय पंधरा यार्डांच्या तीन पट्ट्या; अकरा मुली असतील तर चार, चार, तीन. कुणीही अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबत नाही. शेवटी वीस मिनिटं सरळ सामना, पाच विरुद्ध सहा, तुम्ही शिट्टी न वाजवता बाहेर उभ्या. एका वेळी तीस सेकंदांपेक्षा जास्त बोलू नका. सगळ्यांना एका रांगेत उभं करून गोलवर किका मारायला लावण्याचा मोह होईल, दिसायला शिस्तबद्ध वाटतं. हिशोब करा: एका किकला दहा सेकंद धरले तर अकरा मुलींच्या रांगेत एकीची पाळी जवळजवळ दोन मिनिटांनी येते. वीस मिनिटांत दहा-अकरा किका, उरलेला वेळ गवत उपटणं आणि ढकलाढकली.

पहिले काही सामने सगळ्या मुली बॉलभोवती मधमाश्यांसारख्या गोळा होतील. बाजूने पालक ओरडतील, “पसरा!” तुम्ही ओरडू नका. या वयात बॉल हेच सगळं जग असतं. तीन विरुद्ध तीन खेळवत राहा, गर्दीतून बॉल बाहेर आला की मोकळी असलेलीला मिळतो, हे त्यांनाच दिसू लागतं.

शिक्षा म्हणून मैदानाला चकरा मारायला लावू नका. आपल्याकडच्या पीटीच्या सरांनी केलं, म्हणून ते बरोबर होत नाही. पळणं ही शिक्षा, हे एकदा मनात बसलं की मूल पळायचं टाळतं. आणि टीममध्ये राहायचं तर अपमान सोसावा लागतो, हे मूल इथेच शिकतं. मग अठराव्या वर्षी कुणी डोळे बांधले तर त्याला ते नवं वाटत नाही.

अदलाबदलीचा तक्ता घरून लिहून न्या, मैदानावर सुचत नाही. अकरा मुली, सात जागा. पन्नास मिनिटांचे सहा भाग करा, प्रत्येक हाफमध्ये आठ, आठ आणि नऊ मिनिटं. सहा भाग गुणिले सात, बेचाळीस जागा. नऊ मुलींना चार-चार भाग, दोघींना तीन-तीन. पुढच्या सामन्यात या दोघी वेगळ्या. म्हणजे कुणीच अर्ध्यापेक्षा कमी भाग खेळत नाही. गोलकीपर प्रत्येक हाफला एक; हातमोजे चढवणं-उतरवणं यातच वेळ जातो, म्हणून हाफच्या मध्ये बदलू नका. उरलेल्या हाफमध्ये तिला एक भाग गोल सोडून मैदानात खेळू द्या. एकाच मुलीला सीझनभर गोलमध्ये ठेवलंत तर ती पुढच्या वर्षी नाव घालणार नाही.

पालकांना पहिल्या सरावाआधीच लिहून कळवा: टाळ्या वाजवा, नावं घ्या, सूचना देऊ नका. तुम्ही ‘बॉल सोड’ म्हणताय, बाबा ‘मार’ म्हणतोय, मुलगी थांबून दोघांकडे बघते, आणि बॉल जातो. आणि तुमच्या मुलीशी आधी ठरवून घ्या, मैदानावर आई की कोच. बहुतेक कोच-पालक एकतर आपल्या मुलाला सगळ्यात जास्त ओरडतात किंवा सगळ्यात आधी बाहेर बसवतात, लोक काय म्हणतील म्हणून. तक्ता लिहिलेला असला की दोन्ही टळतं. घरी जाताना गाडीत सामन्याबद्दल तिने काढलं तरच बोला.

मैदानावर पोहोचल्यावर पहिलं काम: हलवता येणारे गोल मागच्या बाजूने जमिनीला पक्के आहेत का ते हलवून पाहणं. लोंबकळलेल्या मुलांवर असे गोल उलटतात, आणि जीव गेले आहेत. ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळ्यांना गाड्यांत बसवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबा. डोकं आपटलं आणि मुलगी गोंधळलेली वाटली, हळू उत्तर देतेय, मळमळतंय, तर त्या दिवशी ती परत खेळत नाही, तिने कितीही रडून सांगितलं तरी. डॉक्टरची चिठ्ठी आल्यावरच.

आणि पंपाच्या सुया दोन-तीन जास्तीच्या घ्या. पहिली मोडते ती नेमकी सामन्याच्या दहा मिनिटं आधी.